अर्थिंग करूनही रुई चिकटतेच! स्थिरविद्युत, जिन, कूलर अन् पेट्रोलची कॅन

पांढरंसोनं | १६ डिसेंबर, रात्री ९:१०
राजेहो, थेट मुद्द्यावर येतो. डीआर जिनवर (डबल रोलर, कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणारं मशीन) सकाळी नऊपर्यंत रुई रोलरवरून सुटून नीट पट्ट्यावर पडते. बारा वाजले का तीच रुई रोलरले लपेटते, पुढच्या पत्र्यावर बसून राह्यते, अन् ॲक्रिलिकच्या झाकणावर तर बोटभर थर. हातानं काढाले गेलं का हाताले चिकटते. बॉडीले दोन जागी अर्थिंग हाय, तपासलेलं हाय, चांगलं हाय. मंग हे स्टॅटिक जमिनीत काऊन जात नाई? तिसरं अर्थिंग केल्यानं फरक पडन का? अन् पाणी मारलं तं चालते का?

शून्यविभव | १६ डिसेंबर, रात्री ९:४८
तिसरं काय, दहा अर्थिंग केली तरी फरक पडणार नाही. प्रभार बॉडीवर नाहीच, तो रुईवर आहे, आणि रुई तुमच्या तारेला जोडलेली नाही.

धातूत इलेक्ट्रॉन मोकळे असतात. बॉडीवर कुठेही प्रभार आला की तारेतून निघून जातो. रुईच्या कोरड्या तंतूवर मात्र तो जिथे तयार झाला तिथेच बसतो. तंतूचं एक टोक पत्र्याला टेकलं तरी दोन सेंटिमीटरवरच्या दुसऱ्या टोकाचा प्रभार तिथपर्यंत चालत येत नाही. उलट तंतू पत्र्याजवळ आला की पत्र्याच्या त्या भागात विरुद्ध प्रभार ओढला जातो आणि दोघे एकमेकांना धरून बसतात. घासलेला फुगा भिंतीला चिकटतो तो असाच. म्हणजे अर्थ केलेला पत्रा रुईला सोडवत तर नाहीच, तिला बसायला जागा देतो.

प्रभार किती वेळात ओसरेल याचा हिशोब सोपा आहे: पदार्थाची रोधकता (तो प्रवाहाला किती अडवतो) गुणिले त्याची पर्मिटिव्हिटी (तो विद्युतक्षेत्राला किती प्रतिसाद देतो). पॉलिथिनची रोधकता १०^१५ ओहम-मीटर धरली, तर प्रभार ३७ टक्क्यांवर यायला साडेपाच तास लागतात. धातूत हीच गोष्ट मोजता येणार नाही इतक्या लवकर होते.

कापूस या दोघांच्या मधला, आणि त्याची जागा रोज बदलते. कारण पाणी. व्यवहारात कापसाचा मानक ओलावा कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के धरतात, पॉलिएस्टरचा ०.४ टक्के. कापसाच्या तंतूतला ओलावा ८ वरून ४ वर आला की त्याचा विद्युत रोध दुप्पट होत नाही, दोन-अडीच हजार पट होतो. सकाळचा कापूस आणि दुपारचा कापूस विजेच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ आहेत.

आता दुपारीच का? डिसेंबरातल्या सकाळी १२ अंशांना ७० टक्के आर्द्रता असलेली हवा घ्या. त्यात पाण्याचा एक थेंबही कमीजास्त न करता ती ३० अंशांपर्यंत तापवली, तर तिची आर्द्रता २३ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच, पण तापलेल्या हवेची तहान वाढलेली. ती कापसातून ओढून घेते.

जिनफिटर | १६ डिसेंबर, रात्री १०:३०
कारण वर आलं. आता हातानं करायचं ते.

आधी मोजा. ओलावामापक हॉपरमधल्या कापसात एकदा आणि जिनमधून निघालेल्या रुईत एकदा लावा, सकाळी ९ आणि दुपारी २ वाजता. रुईत ६ ते ७ टक्के असेल तर स्टॅटिकचा त्रास जवळपास नसतो. ५ च्या खाली गेलं की रोलरला लपेटणं सुरू. हा आकडा न बघता लोक चाकू बदलतात, रोलर खोबणून घेतात, दाब वाढवतात. दाब वाढवला की घर्षण वाढतं, रोलर तापतो, रुई अजून सुकते. रोग तोच, औषधानं वाढला.

पाणी हवेत सोडायचं, कापसावर नाही. ढिगावर पाइप धरला तर वरचं बोंड भिजतं आणि आतलं तसंच कोरडं राहतं. मग ओला गोळा रोलरवर आला की सरकी चेंगरते, रुई गोळे धरते. हॉलमध्ये बारीक धुकं सोडणारे नोझल लावा आणि आर्द्रता ५० ते ५५ टक्क्यांवर ठेवा. थेंब खाली पडायच्या आत हवेत विरला पाहिजे. नोझलखाली पाच मिनिटं कोरा कागद ठेवा. त्यावर डाग दिसले तर थेंब मोठा आहे, दाब वाढवा किंवा नोझल बदला. मोटर, स्टार्टर, पॅनल यांच्या डोक्यावर नोझल नको.

बोअरचं पाणी सरळ लावू नका. आपल्याकडचं बहुतेक पाणी जड. आठवड्यात नोझलची भोकं क्षारानं बुजतात आणि रुईवर पांढरी पूड बसते. मऊ केलेलं पाणी वापरा.

किती पाणी? एका क्विंटल रुईचा ओलावा ५ वरून ७ टक्के करायचा तर रुईत दोन लिटरहून जरासं जास्त पाणी मुरलं पाहिजे. हवेत सोडलेल्यापैकी बरंचसं दारा-खिडकीतून जातं, म्हणून हॉलची पश्चिमेकडची दारं दुपारी बंद ठेवा. एवढ्यानंही फरक दिसतो.

ॲक्रिलिकच्या झाकणाऐवजी बारीक तारेची जाळी बसवा. झाकण काढून मशीन उघडी चालवू नका. ते बोटं वाचवायला आहे, रुईसाठी नाही.

पांढरंसोनं | १७ डिसेंबर, सकाळी ७:०५
जाळीचं पटलं. पण पाणी म्हटलं का गाठी घेणारा डोळे वटारते. वजन वाढवाले पाणी मारलं म्हणते.

जिनफिटर | १७ डिसेंबर, सकाळी ८:२०
त्याचं डोळे वटारणं बरोबरच आहे, तसं करणारे आहेत म्हणून. गाठीत ८ च्या वर जाऊ नका. त्यापुढे गाठ आतून तापते, रुई पिवळी पडते, बुरशी धरते. १७० किलोच्या गाठीत एक टक्का म्हणजे १.७ किलो, लगेच पकडलं जातं. कापसाच्या खरेदीचा हिशोब वेगळा: सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) खरेदी ८ ते १२ टक्के ओलाव्यात होते, १२ च्या वर माल परत. तो आकडा बोंडाचा, मी सांगतोय तो रुईचा. दोन्ही एकत्र करू नका.

वऱ्हाडी_ओहम | १७ डिसेंबर, दुपारी १:१५
सक्शनच्या पाइपबद्दल कोणी बोललं नाही. बऱ्याच ठिकाणी पत्रा सडला की सहा-आठ इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा टाकतात. स्वस्त पडतो, गंजत नाही. पण पीव्हीसी घासलं की चांगलंच ऋण होतं, आणि रुई त्याच्या आतून वाऱ्याच्या वेगानं घासत जाते. मग त्या पाइपवर बाहेरून तांब्याची तार गुंडाळून अर्थिंग केलेलं दिसतं. ते शोभेचं. प्रभार आतल्या भिंतीवर, तार बाहेरच्या, मध्ये प्लास्टिक. तिथे जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याचीच नळी हवी. नळीच्या दोन तुकड्यांमध्ये कॅनव्हासची किंवा रबराची बाही असेल तर बाहीवरून तांब्याची वेणी दोन्ही पत्र्यांना बोल्टनं जोडा. बोल्टखालचा रंग खरवडून काढा. रंगावर कसलेला बोल्ट दिसायला जोडलेला असतो, विजेला नसतो.

पट्ट्यासाठी मात्र एक युक्ती आहे, आणि इथे अर्थिंग इन्सुलेटरलाही कामी येतं. पट्टा पुली सोडतो तिथून थोडं पुढे, पट्ट्यापासून ५-६ मिमी अंतरावर तांब्याच्या बारीक तारांचा ब्रश किंवा कंगवा आडवा बसवा आणि तो अर्थ करा. पट्ट्याला टेकवू नका. पट्ट्यावरच्या प्रभारामुळे ब्रशच्या टोकांशी विद्युतक्षेत्र इतकं दाटतं की तिथली हवाच आयनित होते, म्हणजे तिच्यात प्रभारित कण (आयन) तयार होतात. विरुद्ध आयन पट्ट्यावर जाऊन बसतात आणि प्रभार बराचसा मरतो. टोकं बोथट झाली किंवा रुईनं माखली की काम बंद. रोज फुंकर मारा.

तिरपागडा | १७ डिसेंबर, दुपारी ३:४०
म्हणजे जिनाला आगी लागतात त्या स्टॅटिकनेच ना? तसं सगळेच म्हणतात.

जिनफिटर | १७ डिसेंबर, रात्री ८:०२
सगळे म्हणतात कारण स्टॅटिकचा पगार कापता येत नाही. कापसातून आलेला दगड, खिळा, विळ्याचा तुकडा पंख्याच्या पात्यावर आपटणं; कोरडं पडलेलं बेअरिंग; रोलर-चाकूमध्ये अडकून घासणारा गोळा; विडी. आधी हे शोधा. रुई पेटायला पेट्रोलच्या वाफेच्या कितीतरी पट ऊर्जेची ठिणगी लागते. स्टॅटिकनं होणारं खरं नुकसान म्हणजे बंद पडलेले तास. नळीच्या तोंडाशी मॅग्नेट आणि दगड पडायचा खड्डा असेल तर अर्धी भीती तिथेच संपते.

काळीमाती | १८ डिसेंबर, सकाळी ९:३०
अर्थिंगचा विषय निघाला म्हणून. स्थिरविद्युतीसाठी अर्थिंगचा रोध १ मेगाओहम असला तरी पुरतो, कारण वाहून न्यायचा प्रवाह मायक्रोॲम्पिअरचा. पण तीच तार मोटरच्या बॉडीला असते, आणि मोटर शॉर्ट झाली तर फ्यूज उडायला काही ओहमच पाहिजेत. म्हणून नियम पॉवरचा पाळा, स्टॅटिकचं आपोआप होतं.

काळ्या मातीची गंमत अशी की पावसाळ्यात तिच्यासारखं अर्थिंग नाही आणि एप्रिलात तिच्यासारखा धोका नाही. माती भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपभोवती बोटभर पोकळी पडते. पाइप उभा असतो, पण हवेत. खड्डा अडीच मीटर खोल घ्या, पाइपभोवती बेंटोनाइट (ओल धरणारी चिकणमाती) भरा. मीठ-कोळसाही चालतो, पण मीठ दोन-तीन पावसाळ्यांत धुऊन जातं आणि पाइप खातं. फनेलमधून उन्हाळ्यात दर आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी घाला. आणि मोजायचं तर मे महिन्यात मोजा. ऑगस्टचा आकडा सगळ्यांचाच चांगला येतो.

प्रयोगवही | १८ डिसेंबर, रात्री ९:००
कुठला पदार्थ प्रभार धरतो आणि कुठला सोडतो हे डोळ्यांनी दाखवायचं असेल तर विद्युतदर्शी (प्रभार आला की पाती फाकवून दाखवणारं साधं उपकरण) बनवा. आठवीच्या मुलांकडून तासाभरात होतो. पुस्तकातल्या आकृतीवरून केलेले बहुतेक चालत नाहीत, आणि त्याचं कारण एकच: बूच.

लागतं काय: जॅमची काचेची बाटली, १५ सेंटिमीटर तांब्याची जाड तार, स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल, नळाला लावतात तो टेफ्लॉन टेप, मेणबत्ती. बाटलीच्या पत्र्याच्या झाकणाला मधोमध दोन सेंटिमीटरचं भोक पाडा. तारेचा मधला भाग टेफ्लॉन टेपनं वीसेक वेढे देऊन जाड करा, तो भोकात बसवा आणि भोवती वितळलेलं मेण ओता. खालचं टोक आडव्या आकड्यासारखं वाकवा. त्यावर ४ सेंटिमीटर लांब, अर्धा सेंटिमीटर रुंद अशा फॉइलच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी सैल अडकवा. हीच पाती. पट्टीवर सुरकुती नको. नखानं काचेवर सपाट करा. वरच्या टोकाला लिंबाएवढा फॉइलचा गोळा, टोक कुठेही बाहेर न येऊ देता. टोक राहिलं तर तिथून प्रभार हवेत गळतो.

लाकडी बूच, पुठ्ठा, काळं रबर वापरू नका. लाकूड आणि पुठ्ठा ओलावा धरतात, काळ्या रबरात काजळी असते. तिघंही इतपत वाहक आहेत की पाती दोन सेकंदांत मिटतात आणि मुलं म्हणतात प्रयोग फसला.

आता अर्धा मीटर पीव्हीसी पाइप लोकरीच्या मफलरनं घासा. पाइप ऋण होतो. तो गोळ्यावर नुसता टेकवू नका. पाइप इन्सुलेटर आहे, टेकलेल्या ठिपक्यापुरताच प्रभार देतो. लांबीनं ओढत, गोल फिरवत गोळ्यावर घासा. पाइप दूर नेल्यावरही पाती फाकलेली राहिली पाहिजेत. चांगल्या विद्युतदर्शीत दुपारच्या कोरड्या हवेत ती मिनिटभर तरी टिकतात.

खरा खेळ पुढे. प्रभारित गोळ्याला हातात धरलेल्या एकेका वस्तूनं स्पर्श करा आणि पाती मिटायला किती वेळ लागतो ते मोजा. लोखंडी खिळा, ओलं धांडं: स्पर्श होताच. वहीचा कागद, वाळलेली तुराटी, पऱ्हाटीची काडी, सुती दोरा: हळूहळू, हवेप्रमाणे. नायलॉनची दोरी, पीव्हीसीचा तुकडा, मेणबत्ती: पाती हलतच नाहीत. हाच खेळ सकाळी सातला दवात करा, तुराटी आणि दोरा खिळ्याच्या पंगतीत जाऊन बसतात. काच सर्वांत लबाड. थंड काचेवर पाण्याचा न दिसणारा थर असतो आणि ती प्रभार सोडते. तीच काच उन्हात तापवली की धरून ठेवते.

यातून आकडाही निघतो. असल्या विद्युतदर्शीची धारिता (प्रभार साठवायची क्षमता) १० पिकोफॅरडच्या आसपास. पाती मिटायला सुमारे एक सेकंद लागला, तर त्या वस्तूचा रोध १०^११ ओहमच्या घरात. हातातला मल्टिमीटर एवढा रोध कधीच दाखवत नाही, फॉइलच्या दोन पट्ट्या दाखवतात.

नवखा_तार | १९ डिसेंबर, सायंकाळी ६:१०
ताई, पाती पाइप जवळ आणला की फाकतात, दूर नेला की मिटतात. बूच टेफ्लॉनचंच आहे.

प्रयोगवही | १९ डिसेंबर, रात्री ८:३०
मग प्रभार दिलाच गेला नाही, नुसतं प्रवर्तन झालं. पाइपनं गोळ्यातले इलेक्ट्रॉन खाली पात्यांकडे ढकलले, पाइप गेला की ते परत आले. पाइप घासत ओढा, किंवा प्रवर्तनानंच प्रभारित करा: पाइप गोळ्याजवळ धरा, टेकवू नका, दुसऱ्या हाताचं बोट गोळ्याला लावा, पाती मिटतील, आधी बोट काढा, मग पाइप. क्रम उलटला तर हाती काही लागत नाही. बरोबर केलं तर पाती पुन्हा फाकतात आणि विद्युतदर्शी आता धन असतो, पाइपच्या उलट.

आणि चिन्ह ओळखताना एक चूक टाळा. प्रभारित विद्युतदर्शीजवळ अनोळखी वस्तू आणल्यावर पाती जास्त फाकली तर वस्तूवर तोच प्रभार आहे, हे नक्की. पाती मिटली तर काहीच सिद्ध होत नाही. नुसता हात जवळ नेला तरी ती थोडी मिटतात.

तिरपागडा | १९ डिसेंबर, रात्री १०:४५
ती घर्षणाची यादी असते ना, वर काच, नायलॉन, लोकर, रेशीम, मध्ये कागद-कापूस, खाली पॉलिएस्टर, पॉलिथिन, पीव्हीसी, टेफ्लॉन. वरचा धन, खालचा ऋण. ती पाठ केली की झालं की.

शून्यविभव | २० डिसेंबर, सकाळी ६:५०
यादीच्या दोन टोकांवर विसंबता येतं, मधल्या जागांवर नाही. टेफ्लॉन आणि काच घासली तर टेफ्लॉन ऋणच होणार. पण मधले शेजारी पृष्ठभागावरचा मळ, घाम, ओलावा, घासायची दिशा यावर जागा बदलतात. एकाच प्लास्टिकचे दोन तुकडे एकमेकांवर घासले तरी प्रभार येतो, आणि यादीत त्याला उत्तर नाही. धातूंच्या जोडीत इलेक्ट्रॉन जातात हे पक्कं. प्लास्टिकच्या जोडीत इलेक्ट्रॉन, आयन की पृष्ठभागाचे सूक्ष्म कण, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. घर्षण हा शब्दही थोडा फसवा. नुसतं टेकून सुटं झालं तरी प्रभार येतो. घासण्यानं टेकणारी जागा वाढते एवढंच.

वऱ्हाडी_ओहम | २० डिसेंबर, दुपारी १२:२०
उन्हाळा यायच्या आधी एक गोष्ट ठळक लिहून ठेवतो. कूलरच्या बॉडीला हात लावल्यावर येणाऱ्या झिणझिण्या स्टॅटिक नाहीत. "थोडं स्टॅटिक येते बाप्पा" म्हणून सोडून देतात आणि दर उन्हाळ्यात माणसं मरतात. उलट कूलर चालू असलेल्या खोलीत हवा दमट असते, स्टॅटिक टिकतच नाही.

ओळख अशी. स्टॅटिकचा चटका एकदाच बसतो, चट् आवाज येतो, लगेच पुन्हा हात लावला तर काही नाही. लिकेज, म्हणजे बॉडीत उतरलेली लाइनची वीज, हात लावलेला असेपर्यंत चालू राहतं, ओल्या फरशीवर वाढतं, प्लग काढला की थांबतं. कारणं बहुतेक तीच: पंपाच्या वायरचं इन्सुलेशन पाण्यात सडलेलं, मोटरचं वाइंडिंग ओलं, आणि तीन पिनांतली अर्थची पिन कापून टाकलेली.

उपाय: बॉडीला खरं अर्थिंग, लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच), आणि टाकीत पाणी भरताना प्लग काढलेला. नुसता बंद केलेला नाही, काढलेला. बटन न्यूट्रलवर बसवलेलं असेल तर बंद कूलरमध्येही फेज असतो.

मल्टिमीटरनं स्टॅटिक मोजायचा नाद सोडा. मीटरचा आतला रोध १० मेगाओहम, माणसाची धारिता १५० पिकोफॅरड. टोक टेकवलं की दीड मिलिसेकंदात प्रभार मीटरमधूनच निघून जातो, आकडा उमटायला वेळच नाही. नियॉनचा टेस्टर बरा. एकदाच लुकलुकतो, आणि आतल्या दोन कांड्यांपैकी जी ऋण बाजूला असते तिच्याभोवती उजेड पडतो, त्यावरून चिन्हही कळतं. पण ज्या बॉडीवर लिकेजची शंका आहे तिथे असले प्रयोग नकोत, इलेक्ट्रिशियन बोलवा.

पांढरंसोनं | २० डिसेंबर, रात्री ८:४०
अन् प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठलं का दाराच्या कडीले चट् होते ते?

वऱ्हाडी_ओहम | २० डिसेंबर, रात्री ९:०५
ते शंभर टक्के स्टॅटिक. खुर्ची पॉलिप्रोपिलिनची, पँट पॉलिएस्टरची, पायात रबरी चप्पल. उठताना दोन पृष्ठभाग सुटे होतात, प्रभार अंगावर राहतो आणि चप्पल त्याला जमिनीत जाऊ देत नाही. दोन-तीन हजार व्होल्टच्या खाली माणसाला कळतही नाही, म्हणजे कळलं तेव्हा त्याहून जास्त होतं. हवेत एक सेंटिमीटर ठिणगी पडायला साधारण ३० हजार व्होल्ट लागतात, त्यावरून अंदाज करा. शेणानं सारवलेल्या जमिनीवर अनवाणी पायाला हे होत नाही. तिथे शरीरावरचा प्रभार टिकायला सेकंदाचा अंशही मिळत नाही.

चटका टाळायचा तर कडीला आधी हातातल्या किल्लीनं स्पर्श करा. ठिणगी किल्लीच्या टोकावर पडते, बोटाला जाणवत नाही.

टाकीभर | २१ डिसेंबर, सकाळी १०:१५
हीच ठिणगी पेट्रोलपाशी पडली तर काय, ते लिहितो. फवारणी पंप आणि ग्रास कटरमुळे गावोगाव पेट्रोल कॅनमध्ये नेलं जातं.

पेट्रोलची वाफ पेटायला ०.२ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. ५ हजार व्होल्टवर असलेल्या माणसाच्या बोटातून पडणाऱ्या ठिणगीत जवळपास १.९ मिलिज्यूल असते. नऊपट.

पेट्रोल स्वतः इन्सुलेटरसारखं आहे. नळीतून वाहतानाच ते प्रभार घेतं आणि कॅनमध्ये पडल्यावर लगेच सोडत नाही. पत्र्याची कॅन जमिनीवर ठेवली आणि नोझल तिच्या तोंडाला टेकलेलं असेल तर प्रभाराला वाट मिळते. तीच कॅन पिकअपच्या ट्रॉलीत, प्लास्टिकच्या अंथरणावर ठेवून भरली तर ती एकटी पडते, तिच्यावर प्रभार साचतो आणि नोझल दूर करताना ठिणगी पडू शकते. म्हणून कॅन गाडीतून उतरवा, जमिनीवर ठेवा, नोझल टेकवा, धार सुरुवातीला बारीक ठेवा, उंचावरून सोडू नका.

सगळ्यात वाईट जोडी म्हणजे प्लास्टिकची कॅन आणि तिच्या तोंडात पत्र्याचं नरसाळं. प्लास्टिकच्या भिंतीवरचा प्रभार एका ठिणगीत थोडाच निघतो, कारण तो जागचा हलत नाही. पण चारी बाजूंनी प्लास्टिकनं वेढलेला धातू सगळा साठा एका क्षणात देतो. इन्सुलेटरवर एकटा सोडलेला वाहक. स्टॅटिकमधला सगळा धोका याच एका रचनेत आहे, मग ते नरसाळं असो, रबरी चप्पल घातलेला माणूस असो की टायरवर उभा टँकर.

टँकरला क्लिप लावायची ती झाकण उघडायच्या आधी, रंग नसलेल्या धातूवर. काढायची ती झाकण लावल्यावर. मागे लोंबणाऱ्या साखळीवर भिस्त नको, तापलेल्या कोरड्या डांबरावर तिचा उपयोग नाही.

आणि डिझेल पेटत नाही असं समजून वागणाऱ्यांसाठी: आपल्याकडच्या मानकात डिझेलचा किमान फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते) ३५ अंश आहे. मे महिन्यात उन्हात उभ्या टाकीतलं डिझेल त्याच्या वर असतं.

पांढरंसोनं | २१ डिसेंबर, रात्री ८:१०
सगळं उतरवून घेतलं. एकच राह्यलं, हॉलमधली आर्द्रता मोजाचं काय? बाजारातले डिजिटल घड्याळवाले दोन मापक दोन आकडे सांगतात.

जिनफिटर | २१ डिसेंबर, रात्री ९:२५
रुईची धूळ बसली की त्यांचा सेन्सर बिघडतो. दोन साधे तापमापक घ्या, आधी दोन्ही एकाच पाण्यात बुडवून सारखं दाखवतात का बघा. एकाच्या फुग्याला मलमलीची वात गुंडाळून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. पंख्यासमोर पाच मिनिटं धरून दोन्ही वाचा. कोरडा ३० आणि ओला १८ असेल तर आर्द्रता ३० टक्के. ओला २२ दाखवत असेल तर ५०, म्हणजे तुमचं काम झालं. २४ म्हणजे ६०, नोझल बंद करा. मलमल नवी असेल तर आधी उकळून घ्या. कांजी राहिली तर वात पाणी ओढत नाही, ओला तापमापक चढा आकडा दाखवतो, आणि हॉल कोरडा असूनही तुम्हाला दमट वाटतो. बाटलीत बोअरचं पाणी नको, वात क्षारानं कडक होते. वात दर सोमवारी बदला.